हात गेला, लाईन चालू आहे

१. मनात आणलं की मूठ मिटते, हे खरं का?

मोबाईलवर एखादी चित्रफीत फिरते. यांत्रिक पंजा बसवलेला माणूस अंडं उचलतो आणि न फोडता भांड्यात ठेवतो. शिरपूर, चोपडा, शहाद्याच्या पट्ट्यात ज्या घरात कोणाचा हात गेलेला आहे, तिथे मग प्रश्न निघतोच: हा हात म्हणे नुसतं मनात आणलं की हलतो. खरं का?

अशी घरं आपल्या भागात थोडी नाहीत. कुट्टी मशिनमध्ये कडब्याच्या पेंढीबरोबर पंजा ओढला जातो. मका काढताना मळणी यंत्रात सदऱ्याची बाही अडकते. मुंबई-आग्रा महामार्गावर, पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात, पायावरून चाक जातं. आणि साखरेच्या आजारात अंगठ्याची साधी जखम चिघळत चिघळत पाय कापण्यावर येते.

तर, खरं आहे. मात्र त्यात जादू नाही, मन वाचणारं यंत्रही नाही. मेंदूचा हुकूम हातापर्यंत नेणारी वाट शरीरात आधीपासून असते. ती शोधायची आणि यंत्राशी जोडायची, एवढंच या विद्येचं सूत्र. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या माणसांसाठी यातली सगळ्यात मोलाची गोष्ट यांत्रिक पंजापेक्षा वेगळीच आहे: शस्त्रक्रियेच्या टेबलावर कापलेल्या मज्जातंतूचं काय केलं जातं, ही. ते का, हे कळायला थोडं मागून यावं लागेल.

२. कापलेल्या हाताची बोटं दुखतात कशी?

कोपराची आतली बाजू कधी दाराच्या चौकटीवर आपटली असेल. मार बसतो कोपराला आणि झिणझिण्या येतात करंगळीत. करंगळीकडे जाणारा मज्जातंतू तिथे हाडाला लागून, अगदी कातडीखालून जातो. त्याला अल्नार नर्व्ह म्हणतात. वाटेत कुठेही त्याला धक्का लागला, तरी मेंदूची समजूत एकच होते: खबर करंगळीकडून आली.

पंजाकडे असे तीन मोठे मज्जातंतू जातात: मीडियन, अल्नार आणि रेडियल. प्रत्येकात हजारो बारीक धागे असतात. काही धागे हुकूम खाली नेतात, काही स्पर्श, वेदना, गरम-थंड यांची खबर वर आणतात. या धाग्यांच्या मूळ पेशी हातात नसतात. त्या असतात पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत आणि त्याला लागून. म्हणून पंजा गेला तरी या मूळ पेशींपैकी बहुतेक जिवंतच राहतात.

विहिरीवरची मोटार जळाली म्हणून डीपीवरून आलेली लाईन मरत नाही. मोटार काढून दुरुस्तीला नेली तरी वायरच्या उघड्या टोकात करंट असतोच आणि हात लावणाऱ्याला झटकाही बसतो. हात कापल्यावर नेमकं हेच होतं. मेंदू अजूनही ‘मूठ मिट’ असा हुकूम सोडतो. तो उरलेल्या हाताच्या टोकापर्यंत येतो आणि तिथे अडतो. उलट दिशेने, त्या टोकावर दाब पडला की मेंदूला वाटतं, बोटांनाच काही झालं.

“हात नही, तरी बोटं दुखतस,” असं कोणी अहिराणीत सांगितलं की घरातलं एखादं माणूस भास म्हणतं, एखादं बाहेरचं काही असेल म्हणतं. ते दोन्ही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांमध्ये सिलास वेअर मिचेल या डॉक्टरांनी हे पाहिलं आणि १८७१ मध्ये त्याला ‘फँटम लिंब’ असं नाव दिलं. मूठ घट्ट आवळली गेली आहे आणि नखं तळव्यात रुतताहेत, अशी तक्रार आजही हात गेलेली माणसं करतात. कापलेला मज्जातंतू पुन्हा वाढू पाहतो. जायला जागा नसली की त्याच्या धाग्यांचा गुंता होऊन दुखरी गाठ बनते. तिला न्यूरोमा म्हणतात. कृत्रिम हाताची खोबणी, म्हणजे सॉकेट, त्या गाठीवर टेकली की असा चमका येतो की माणूस हात काढून कोपऱ्यात ठेवून देतो. कपाटात पडून राहिलेल्या कितीतरी कृत्रिम हातापायांमागे ही एवढीशी गाठ असते.

३. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतात

हे स्वतःच्या अंगावर करून पाहा. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या खाली घट्ट धरा आणि उजव्या हाताची मूठ मिटा, उघडा. धरलेल्या जागी मांसाचे गोळे सरकताना लागतील. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू तिथे, आतल्या बाजूला असतात. उघडणारे बाहेरच्या बाजूला. तिथून लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात.

याचा अर्थ असा, की मनगटाशी हात तुटला तर बोटं गेली, पण बोटांचे बरेचसे स्नायू अंगावरच राहिले. त्या माणसाने मनात मूठ मिटली की ते स्नायू खरोखर आखडतात. आखडताना त्यांत बारीकशी वीज तयार होते आणि ती कातडीवर टिपता येते. ती फार तर काही मिलिव्होल्ट, बऱ्याचदा त्याहूनही कमी. टॉर्चच्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतात. एक मिलिव्होल्ट म्हणजे त्याचा दीड हजारावा भाग. पण कातडीवर टेकवलेला संवेदक ती पकडतो, यंत्रणा ती मोठी करते आणि पंजातली मोटार सुरू होते. यालाच मायोइलेक्ट्रिक हात म्हणतात. ‘मायो’ म्हणजे स्नायूचा. म्युनिकमध्ये राइनहोल्ड राइटर यांनी १९४० च्या दशकात असा पहिला हात बनवला होता, म्हणजे कल्पना जुनीच आहे.

आपल्या जवळही हे काम चालू आहे. खानदेशाला लागून असलेल्या निमाडातल्या खांडव्याचे प्रशांत गाडे यांनी पुण्यात इनाली फाउंडेशन उभं करून कमी किमतीचे हात बनवायला घेतले. मुंबईच्या रोबो बायोनिक्सने ‘ग्रिप्पी’ नावाचा हात आणला आहे.

अडचण सुरू होते ती हात कोपराच्या वर गेला की. एक उदाहरण घेऊ. पाण्याचा पेला उचलून तोंडाशी न्यायचा आहे. आता बोटांचे स्नायू उरले नाहीत. उरले फक्त दंडाचे दोन: पुढचा आणि मागचा. म्हणजे हुकूम दोनच आणि कामं तीन: कोपर, मनगट, पंजा. मग असं करावं लागतं. दंडाचा पुढचा स्नायू आवळून कोपर हवं तेवढं वाकवायचं. थांबायचं. दोन्ही स्नायू एकदम आवळून यंत्राला सांगायचं, की आता पंजाकडे वळ. मग तोच पुढचा स्नायू पुन्हा आवळायचा. या वेळी कोपराऐवजी बोटं मिटतात. पुन्हा दोन्ही आवळायचे, पुन्हा कोपराकडे. मनात आहे ‘पेला धर’ आणि करायचं आहे ‘दंड फुगव’. हात जितका वरून गेला तितकी यंत्राची गरज जास्त, आणि हुकूम तितकेच कमी. अनेक माणसं महिन्या-दोन महिन्यांत हा खटाटोप सोडून देतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

४. चालू लाईन दुसऱ्या मोटारीला

शिकागोतले डॉ. टॉड कुइकेन यांनी हा प्रश्न उलट बाजूने धरला. पंजाचे हुकूम घेऊन येणारे मज्जातंतू खांद्याजवळ शाबूत आहेत. त्यांच्यातला संकेत थेट पकडायचा तर तो स्नायूतल्या विजेपेक्षाही कितीतरी क्षीण. मग त्या मज्जातंतूंना दुसरा एखादा स्नायूच का देऊ नये? लाईन आहे, मोटार नाही. तर रिकामी पडलेली दुसरी मोटार तिला जोडावी.

अशी मोटार शरीरात असते. खांद्यापासून हात गेला की छातीच्या स्नायूला ओढायला काही उरत नाही. शल्यचिकित्सक ग्रेगरी ड्युमेनियन यांनी त्या स्नायूची स्वतःची बारीक नस कापली आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांना हाताचे मज्जातंतू जोडले. या शस्त्रक्रियेला टार्गेटेड मसल रीइनर्व्हेशन, थोडक्यात टीएमआर, म्हणतात. पहिला माणूस होता जेसी सलिव्हन, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला विजेच्या कंपनीचा लाईनमन. २००१ च्या मे महिन्यात उच्च दाबाच्या तारेचा झटका बसून त्याचे दोन्ही हात खांद्यापासून गेले. टीएमआर झाली २००२ मध्ये.

लगेच काही होत नाही. जोडलेला मज्जातंतू नव्या स्नायूत शिरायला वेळ घेतो. त्याच्या वाढीचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे तीन-चार सेंटिमीटर आत जायला महिना-सव्वा महिना, आणि स्नायूतून वापरण्याजोगा संकेत मिळायला तीन ते सहा महिने. पण त्यानंतर जे झालं ते मला आजही थक्क करतं. सलिव्हनने मनात हात मिटला की छातीचा एक भाग आखडायचा, हात उघडला की दुसरा. छातीवरच्या संवेदकांनी ते टिपलं आणि खांद्याला बांधलेल्या यंत्राची मूठ मिटली. ‘आता दंड आवळ’ असं भाषांतर त्याला मनात करावं लागलं नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्याही अपेक्षेबाहेर घडली. छातीवरच्या कातडीला ठरावीक जागी स्पर्श केला, तर तो गेलेल्या हातावर झाल्यासारखा जाणवू लागला. स्पर्श आणणारे धागेही कातडीपर्यंत वाढत गेले होते.

पुढे संगणकाची भर पडली. दोन संवेदकांऐवजी अनेक लावायचे आणि ‘मूठ मिटताना’, ‘चिमूट धरताना’, ‘मनगट फिरवताना’ स्नायूंच्या विजेची नक्षी कशी दिसते, हे यंत्राला शिकवायचं. यंत्राने नक्षी ओळखायला फार वेळ घेऊन चालत नाही. मनात आणल्यापासून सेकंदाच्या दोन-तीन दशांशांत पंजा हलला नाही, तर हात आपला वाटत नाही.

५. पंजा न बसवता होणारा फायदा

आता सुरुवातीला सांगितलेल्या मताकडे येतो. टीएमआर केलेल्या माणसांमध्ये डॉक्टरांना दिसलं, की मज्जातंतूच्या टोकाला स्नायू मिळाला की दुखरी गाठ होण्याचं प्रमाण कमी होतं आणि नसलेल्या हाताची वेदनाही उतरते. वाढणाऱ्या धाग्यांना जायला घर मिळतं. ड्युमेनियन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट करून तुलना केली. २०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले आणि त्यांनीही याच बाजूने कौल दिला. जी शस्त्रक्रिया यंत्र चालवायला शोधली, ती आता दुखणं घालवायलाही करतात.

मिशिगन विद्यापीठातले डॉ. पॉल सेडर्ना यांची रीत आणखी साधी आहे. रुग्णाच्याच स्नायूचा छोटासा तुकडा घ्यायचा आणि कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाभोवती गुंडाळून शिवायचा. तुकड्याला हळूहळू रक्तपुरवठा मिळतो, मज्जातंतू त्यात रुजतो आणि टोक शांत होतं. हवं तर पुढे त्याच तुकड्यातून संकेतही घेता येतो. २०२० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की अशा रुग्णांना एकेक बोट आणि अंगठा वेगवेगळा हलवता येतो.

या दोन्ही रीतींत परदेशातून मागवायचा एकही सुटा भाग नाही. लागतो तो बारीक शस्त्रक्रियेचा हात असलेला प्लास्टिक सर्जन आणि थोडा जास्तीचा वेळ. जुनी पद्धत अशी, की मज्जातंतू ओढायचा, कापायचा आणि आत मांसात सोडून द्यायचा. घाईच्या वेळी, जीव वाचवायचा असताना, तेवढंच शक्य असतं. पण पाय साखरेमुळे चार दिवसांनी कापायचा ठरला आहे, अशा वेळी नातेवाइकांनी डॉक्टरांना सरळ विचारावं: “नसांच्या टोकांचं काय करणार आहात?” हा प्रश्न विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

तुटलेला भाग सापडला असेल, तर त्याविषयीही इथेच सांगतो. तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावं आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. थेट बर्फात टाकू नये. पंजा पुन्हा जोडायचा तर हातात साधारण सहा तास असतात. शिरपूरहून धुळंच ५० किलोमीटर आहे, म्हणून निघतानाच मायक्रोसर्जरी कुठे होते ते फोन करून ठरवावं.

६. पायाचं गणित वेगळं

हात गेलेल्यांपेक्षा पाय गेलेले लोक पुष्कळ जास्त असतात आणि पायाचं काम मुख्यतः भार सोसण्याचं. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकात घडवलेला जयपूर फूट याच विचारातून आला: अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी, चिखलात उतरता यावं. शेतात काम करणाऱ्याला आजही त्याला तोड मिळणं अवघड. इस्रोने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या गुडघ्यासारखे ‘हुशार’ गुडघेही आता आहेत. ते चालण्याची गती मोजून स्वतः ठरवतात किती वाकायचं. मात्र माणसाच्या मनात पायरी चढायची आहे की खाली उतरायचं आहे, हे मज्जातंतूकडून त्यांना कळत नाही.

ते कळणारा पायही झाला आहे. टीएमआर झालेला झॅक व्हॉटर नावाचा तरुण नोव्हेंबर २०१२ मध्ये शिकागोच्या विलिस टॉवरचे १०३ मजले अशा पायाने चढून गेला.

त्याहून खोल काम एमआयटीचे ह्यू हर यांचं. १९८२ मध्ये गिर्यारोहणात हिमदंशामुळे त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय गेले. डोळे मिटले तरी आपलं पाऊल कुठे आहे हे आपल्याला कळतं, कारण स्नायू जोडीने काम करतात. एक आखडला की समोरचा ताणला जातो आणि त्या ताणाची खबर मेंदूला जाते. नेहमीच्या शस्त्रक्रियेत दोन्ही सुटे पडतात आणि ती खबरच बंद होते. हर आणि त्यांच्या शल्यचिकित्सक सहकाऱ्यांनी जोडीतल्या स्नायूंची टोकं कापताना एकमेकांना जोडून ठेवली. असा पहिला पाय २०१६ मध्ये कापला गेला. २०२४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात गुडघ्याखाली पाय गेलेले १४ जण होते. त्यांतल्या सात जणांची शस्त्रक्रिया या रीतीने झालेली होती. संकेतांवर चालणारा घोटा लावल्यावर या सात जणांचा चालण्याचा कमाल वेग इतरांपेक्षा ४१ टक्के जास्त भरला. इथेही फरक पाडला तो पाय कापण्याच्या रीतीने.

७. स्पर्श

पंजा मिटतो, पण अंडं किती जोरात धरलं हे कळत नसेल, तर डोळे सतत हाताकडे लावून बसावं लागतं. क्लीव्हलंडमध्ये डस्टिन टायलर यांनी मज्जातंतूभोवती बारीक पट्ट्या बसवून त्यांतून सौम्य वीज सोडली. मज्जातंतूच्या वेगवेगळ्या जागी ती दिली की रुग्णाला वेगवेगळ्या बोटांवर स्पर्श जाणवायचा. पंजातल्या दाबमापकाशी हे जोडल्यावर डोळ्यांवर पट्टी बांधूनही त्याला चेरीचं फळ न चिरडता देठ काढता आला. कोपराच्या झिणझिण्यांचंच हे शहाणं रूप: वाटेत धक्का द्यायचा, पण मोजून.

८. दुसऱ्याचा हात

आणखी एक वाट मुंबईने पाहिली आहे. मोनिका मोरे ही १६ वर्षांची मुलगी ११ जानेवारी २०१४ रोजी घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. केईएम रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले, इलेक्ट्रॉनिक हात मिळाले. २०२० च्या ऑगस्टमध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. नीलेश सातभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नईहून विमानाने आणलेले दात्याचे हात तिला जोडले. मुंबईतलं हे पहिलं हस्तप्रत्यारोपण.

इथेही तेच गणित लागू पडतं. शिवलेला मज्जातंतू दिवसाला मिलिमीटरभर पुढे सरकतो. जोडाच्या जागेपासून बोटाच्या टोकापर्यंत ३० सेंटिमीटर धरले, तर ३०० दिवस. तोवर रोजचा व्यायाम, आणि शरीराने परका हात नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधं. यंत्राच्या हाताला औषध लागत नाही, पण त्याला बोटांची ऊबही नसते. कोणी काय निवडावं हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

९. वीस वर्षं झाली, आता काय उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बहुतेकांचा अपघात जुना असतो. उत्तर स्वीडनमधून आलं आहे. तिथल्या एका स्त्रीचा उजवा हात शेतातल्या अपघातात गेला. पुढची वीस वर्षं वेदनेत गेली आणि नेहमीचे कृत्रिम हात तिला सोसले नाहीत. गोथेनबर्गच्या मॅक्स ऑर्टिझ कॅटलान यांच्या गटाने तिच्या कोपराखालच्या दोन्ही हाडांत टायटॅनियमचे खुंट बसवले आणि स्नायूंत, मज्जातंतूंत विजेची टोकं ठेवली. हात थेट हाडाला जोडला जातो, म्हणून सॉकेट नाही. संकेत आतून येतो, म्हणून कातडीवर संवेदक नाहीत. २०२३ मध्ये हे काम छापून आलं, तोवर ती तो हात काही वर्षं घरी रोज वापरत होती आणि तिच्या वेदनाही कमी झाल्या होत्या.

मे महिन्यात शिरपुरात पारा ४३-४४ वर गेला की सॉकेटच्या आत घामाचं पाणी होतं, कातडीवरचा संवेदक सरकतो आणि पंजा भलत्या वेळी उघडतो. म्हणून आतून संकेत घेणाऱ्या हाताची गरज स्वीडनपेक्षा इथे जास्त आहे. तो इथल्या माणसाच्या आवाक्यात यायला मात्र वेळ लागेल.

तोवर करण्यासारखं आहे ते असं. जुनी दुखरी गाठ काढून मज्जातंतूच्या ताज्या टोकाला स्नायू देण्याची शस्त्रक्रिया अपघातानंतर कित्येक वर्षांनीही करतात. न वापरलेले स्नायू वाळतात, म्हणून गेलेल्या हाताची मूठ मनात रोज मिटावी-उघडावी. समोर आरसा असा उभा धरावा की चांगल्या हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल, आणि दोन्ही हात एकदम हलवावेत. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात सुचवलेल्या या उपायाने पुष्कळांची आवळलेली मूठ सैल होते.

कृत्रिम अवयव देणाऱ्या जुन्या सरकारी संस्था महाराष्ट्रात आहेत: पुण्याचं १९४४ सालचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, मुळात सैनिकांसाठीचं, आणि मुंबईत हाजीअलीची १९५५ सालची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. हातापायाची मापं घेणाऱ्या तंत्रज्ञाकडे गेलात, तर आधी एक चाचणी मागा. तो उरलेल्या हातावर दोन संवेदक टेकवतो आणि म्हणतो, “मूठ मिटा.” पडद्यावरची रेघ वर चढली तर स्नायूला हुकूम पोचतो आहे. या चाचणीला सुई लागत नाही, आणि काही मिनिटांत कळतं की मायोइलेक्ट्रिक हाताचा विचार आत्ता करायचा, की आधी काही महिने व्यायाम करून पुन्हा यायचं.